भादव्यातली हगवण: जंताचं औषध पाजण्याआधी लेंडी तपासा

पावसाचा जोर ओसरला की साक्री, शिरपूर, चाळीसगावकडच्या कळपांत शेळ्या-मेंढ्यांना हगवण लागते आणि आपण लगेच जंताची बाटली काढतो. थोडं थांबा. करडांची हगवण बऱ्याचदा कॉक्सिडियाची, म्हणजे रक्ती हगवण असते. कॉक्सिडिया हा जंत नाही, आतड्यातला एकपेशीय सूक्ष्मजीव आहे. तिच्यावर जंतनाशक पाजून काडीचा उपयोग होत नाही.

मोठ्या आतड्यात मुख्य जंत दोन. चाबूक जंताचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच असलेलं दिसतं. ते चटकन ओळखू येतं. अवघड आहे तो गाठी करणारा जंत, इसोफॅगोस्टोमम. त्याचं अंडं चौथ्या पोटातल्या रक्त पिणाऱ्या जंताच्या अंड्यासारखंच असतं. फरक कळायला लेंड्यांत अळ्या वाढवून बघाव्या लागतात, त्यात आठवडा जातो. तोवर जनावर बघा. रक्त पिणारा जंत असेल तर पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं, हगवण बहुधा नसते. गाठीच्या जंतात हगवण काळपट-हिरवी, शेंबूड असलेली, शेपूट माखलेली.

इथेच बरेच जण फसतात. या जंताच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत असतानाच हगवण सुरू होते. अंडी मात्र लागण झाल्यापासून साधारण 6 आठवड्यांनी लेंडीत येतात. अहवाल कोरा आला तरी जनावर खंगत असेल तर 2-3 आठवड्यांनी पुन्हा तपासा. जनावर कापलं तर खाटकाला मोठं आतडं दाखवायला सांगा. भिंतीत वाटाण्याएवढ्या गाठी आणि आत हिरवट-पिवळा घट्ट पू दिसला की निदान झालंच. अचानक मेलेलं, नाकातोंडातून रक्त आलेलं जनावर मात्र फाडू नका. फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो.

जमिनीवरची लेंडी उचलू नका. हातात स्वच्छ प्लास्टिक पिशवी घालून थेट गुदद्वारातून घ्या, 8-10 जनावरांची, करडांची वेगळी. हवा काढून पिशवी बांधा, बर्फाजवळ ठेवा, पण गोठवू नका. उन्हात अंड्यांतून अळ्या निघतात आणि मोजणी चुकते, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. दवाखाना लांब असेल तर 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन करून विचारा. ठेलारी, म्हणजे भटक्या मेंढपाळ भावांनी वाडा (कळप) घेऊन निघण्याआधीच हे उरकावं, वाटेत जमत नाही.

औषध वजन करूनच पाजा. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंतनाशक नको. पाजल्यावर 10 ते 14 दिवसांनी लेंडी पुन्हा तपासा. अंडी निदान 95 टक्के घटली नसतील तर जंत त्या औषधाला दाद देत नाहीत, डॉक्टरांकडून दुसऱ्या गटाचं औषध लिहून घ्या.