निकेलवर हायड्रोजन मोजताना या चुका टाळा

विजेनं पाण्यातून हायड्रोजन सोडवण्यासाठी निकेल फोमवर (सच्छिद्र निकेलवर) नवा लेप दिला, १ मोलार पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये चाचणी लावली आणि ओव्हरपोटेन्शियल (त्यासाठी लागणारं जादा व्होल्टेज) तासागणिक आपोआप कमी होत गेलं, तर आनंद करण्याआधी काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे सर्किट पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड, बघा. तिथे प्लॅटिनमची तार असेल, तर ती थोडी थोडी विरघळते आणि समोरच्या निकेलवर जाऊन बसते. हायड्रोजन सोडण्यात प्लॅटिनम निकेलपेक्षा कितीतरी तरबेज, त्यामुळे त्याचा अगदी अल्प अंशही पुरतो. मग आपण लेपाचं नाही, प्लॅटिनमचं काम मोजत असतो. माझ्या मते या मोजणीतली ही सर्वांत घातक चूक, कारण ती निकाल बिघडवत नाही, सुधारून दाखवते. काउंटरला ग्राफाइटचा दांडा किंवा निकेलची जाळी लावा.

उलट, करंट हळूहळू घसरत असेल तर दोष लेपाचाच असेल असं नाही. कॅथोड (हायड्रोजन सुटतो तो इलेक्ट्रोड) म्हणून बराच वेळ राहिलेल्या निकेलमध्ये हायड्रोजन शिरून हायड्राइड बनतं आणि पृष्ठभाग मंदावतो. द्रावणातलं लोहही कॅथोडवर साचतं आणि निकाल बदलतं. काचेचं भांडं अल्कलीत झिजून सिलिकेट सोडतं. म्हणून भांडं टेफ्लॉनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं घ्या.

निकेलचा पृष्ठभाग आधी काय सोसलंय ते विसरत नाही. आरएचईच्या (त्याच द्रावणातल्या हायड्रोजन इलेक्ट्रोडला शून्य धरणाऱ्या मापाच्या) तुलनेत साधारण ०.५ व्होल्टच्या खाली तयार होणारं निकेलचं अल्फा हायड्रॉक्साइड पुन्हा धातूत परतवता येतं. त्याहून वर नेलंत की त्याचं बीटा रूप बनतं, आणि ते नुसतं व्होल्टेज ऋण बाजूला नेऊन (कॅथोडिक स्कॅननं) जात नाही. गंमत म्हणजे थोडं हायड्रॉक्साइड असलेलं निकेल कोऱ्या धातूपेक्षा जास्त सक्रिय ठरतं. एकाच फोमचे दोन तुकडे दोघांच्या हातून वेगळे आकडे देतात ते यामुळेच. ऑक्सिजनची चाचणी झालेला तुकडा हायड्रोजनसाठी वापरू नका. आम्लात धुतलेला फोम रात्रभर हवेत ठेवू नका.

व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात त्या मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइड रेफरन्स इलेक्ट्रोडचं स्वतःचं व्होल्टेज कुणी ०.०९८ व्होल्ट धरतं, कुणी ०.१४०. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलला की तेवढ्यानंच ४२ मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्याच द्रावणात हायड्रोजन सोडून स्वच्छ प्लॅटिनमवर स्वतः कॅलिब्रेशन करा. मात्र ते निकेलच्या सेलमध्ये नको, वेगळ्या भांड्यात.

द्रावणाचा रोध १.५ ओहम असेल तर १० मिलिअँपिअरला चूक १५ मिलिव्होल्टची, १०० ला थेट १५० ची. ती वजा करायची राहिली की टाफेल उतारही (करंट दसपट करायला लागणारं जादा व्होल्टेज) फुगतो. बुडबुड्यांनी पृष्ठभाग झाकलेल्या भागातून उतार काढला तरी तेच. स्वच्छ निकेलवर तो करंटच्या दर दसपटीला १२० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तुमचा ३० आला, तर पुन्हा काउंटर इलेक्ट्रोडकडे जा.