उंच छताला भारी वॉलपेपर लावायचा म्हणजे

भिंतींवर हात बसला की कधी ना कधी एखाद्या डिझायनरचा फोन येतोच. "सीलिंगला लावायचाय, इम्पोर्टेड माल आहे, जमेल ना?" नव्या फिटरला आनंद होतो आणि ते साहजिक आहे. या कामाला पैसे बरे मिळतात, करणारे हात थोडे आहेत. "साइट बघून सांगतो" एवढंच म्हणा. छत न बघता दर सांगणारा एक तर नवखा असतो, नाहीतर काम दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा.

मी रंगाऱ्यांच्या हाताखाली सुरुवात केली, तिथून वॉलपेपरकडे वळलो आणि आता मुंबई-पुण्यात जास्त करून असलीच अडनिडी कामं घेतो. होम थिएटर, दुमजली उंचीचे हॉल, बँक्वेटचे ट्रे सीलिंग. ज्यांचा भिंतीचा सराव झालाय आणि ज्यांना आता वर चढायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी भारी म्हणजे किती ते बघा. घरगुती रोल 53 सेंटीमीटर रुंद आणि 10.05 मीटर लांब, दुकानदार ज्याला 57 स्क्वेअर फुटांचा रोल म्हणतात तो. हॉटेलांत वापरतात ते कापडी पाठीचं व्हिनाइल 54 इंच, म्हणजे 137 सेंटीमीटर रुंद येतं आणि मध्यम जाडीचं घेतलं तरी चौरस मीटरला साधारण साडेचारशे ग्रॅम भरतं. पाच मीटरचा एक पट्टा तीन किलोंच्या वर गेला. ओली खळ धरली की साडेचारच्या आसपास. जमिनीवर हे वजन म्हणजे काहीच नाही. पण हात डोक्यावर, पट्टा ओला, एकही सुरकुती पडू द्यायची नाही, अशा वेळी ते चांगलंच जाणवतं. शिवाय भिंतीवर पट्ट्याचं वजन त्याला खाली सरकवायला बघतं आणि खळ ते सहज पेलते. छतावर तेच वजन पट्टा सोलून काढायला बघतं. भिंतीवर वर्षानुवर्षं टिकलेली खळ-प्रायमरची जोडी छतावर महिन्याभरात दगा देते ती यामुळेच.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो छताच्या तपासणीला. पुण्यातल्या एका बंगल्यात दुसऱ्या कुणी लावलेला जड टेक्सचर्ड व्हिनाइलचा एक अख्खा पट्टा रात्रीतून खाली आला होता, तो बघायला मला बोलावलं. घरमालकांची तक्रार खळीबद्दल होती. पट्टा उलटा करून बघितला तर पाठ पांढरीशुभ्र, पुट्टीचा अख्खा पापुद्रा तिला घट्ट चिकटलेला. खळीनं तिचं काम चोख केलं होतं. कागद छताला कधीच चिकटत नसतो, तो छतावरच्या सर्वांत कच्च्या थराला चिकटतो, आणि तो थर पीओपीवाल्यानं घाईत मारलेल्या पुट्टीचा असला की तुमची खळ कितीही उंची असली तरी उपयोग नाही.

म्हणून आधी तळहात छतावर घासा. हात पांढरा झाला तर तो पृष्ठभाग कामाचा नाही. मग कटरनं बारीक चौकडी ओरखडा, त्यावर चांगली चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पुट्टीच्या खपल्या आल्या तर तेवढा थर खरवडून काढायचा, घासायचा, धूळ ओल्या फडक्यानं पुसायची, आत मुरणारा प्रायमर मारायचा आणि तो पूर्ण वाळल्यावर वॉलपेपरचा प्रायमर. पाण्याचा ओला बोळा टेकवून बघा. पाणी लगेच शोषलं गेलं तर छत तहानलेलं आहे, ते खळीतलं पाणीही तसंच ओढून घेईल आणि पट्टा सरकवायला तुम्हाला वेळ मिळणार नाही. पाणी तसंच थेंबाथेंबानं राहिलं तर खाली ऑइल पेंट असण्याची शक्यता जास्त. वर व्हिनाइल, खाली ऑइल पेंट, आणि मधल्या खळीतल्या ओलाव्याला जायला वाट नाही. मुंबईच्या हवेत तिथं बुरशी धरते.

ओल बघायचं मीटर विकत घ्या. पीओपी वरून कोरडं दिसतं आणि आतून ओलं असतं, आणि साइटवरचा प्रत्येक माणूस "सुकलंय साहेब" असंच सांगतो. वर काय आहे तेही विचारा. वर गच्ची असेल किंवा वरच्या मजल्यावरचं बाथरूम असेल, तर गळतीचा बंदोबस्त झाल्याचं मालकांकडून लेखी घ्या. पिवळट डाग दिसला तर त्यावर प्रायमर मारून पुढं जाऊ नका.

फार महाग मालाखाली मी लाइनिंग पेपर, म्हणजे अस्तराचा साधा कोरा कागद, लावतोच. तो आडवा, वरचा उभा, म्हणजे जॉइंटवर जॉइंट येत नाही. मालक विचारतात, खाली झाकला जाणाऱ्या कागदाला पैसे कशाला? त्यांना सांगा की जॉइंट फाकले तर ते वरचा कागद आक्रसल्यामुळे फाकतात, आणि लाइनिंग तो ताण धरतो.

मालाच्या हिशोबात नवे लोक स्क्वेअर फुटांवर जातात. असं करू नका. एक उदाहरण घेऊ. छत 4.9 मीटर बाय 5.8, रोल 53 सेंटीमीटरचा, डिझाइन 64 सेंटीमीटरला पुन्हा येतं आणि सरळ जुळतं. क्षेत्रफळानं सहा रोल पुरतात. आता पट्टे मोजा. 4.9 च्या दिशेनं लावले तर 11 पट्टे. दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटीमीटर सोडले की एक पट्टा 5 मीटरचा. डिझाइन जुळवायचं तर दुसरा पट्टा 5.12 मीटरवर सुरू होणार आणि 10.12 वर संपणार. रोल 10.05 चा. सात सेंटीमीटरसाठी दुसरा पट्टा गेला, म्हणजे रोल अकरा! टोकं कमी सोडून कागदावर ते बसवता येईल, पण आपल्याकडचं कुठलं छत काटकोनात असतं? आणि 5.8 च्या दिशेनं लावलं तर पट्टे दहाच, रोलही दहा. एक रोल वाचला. मात्र मोठी खिडकी कुठं आहे ते बघून मगच दिशा ठरवा. जॉइंट उजेडाच्या दिशेनं, खिडकीपासून आत जाणारे असले तर दिसत नाहीत, आडवे आले की दुपारी प्रत्येकाची सावली मोजता येते. असं झालं तर मी एक रोल जास्त मागतो आणि कारण डिझायनरला तोंडावर सांगतो.

आता उंचीबद्दल. घोड्यावर उभं राहून छताचा पट्टा लावता येत नाही, हे लिहावं लागतंय कारण अजूनही लोक लावतात. पट्ट्याच्या पूर्ण लांबीएवढी सलग परांची हवी, म्हणजे खळ लावलेला कागद हातात घेऊन उतर-चढ करावी लागत नाही. फळ्या अशा उंचीवर की डोकं आणि छत यांच्यात वीतभर अंतर राहील. त्याहून कमी असलं की मान मोडते, जास्त असलं की खांदे भरून येतात आणि दाब कमी पडतो. चाकांचा टॉवर असेल तर चाकं लॉक, कडेला कठडा, आणि माणूस वर असताना टॉवर ढकलायचा नाही. दुमजली उंचीला परांचीचं भाडं कोटेशनमध्ये वेगळं दाखवा. मजुरीत मिसळलंत तर घासाघीस त्याच्यावरच होते आणि शेवटी तुम्ही घोड्यावर चढता.

छतातले दिवे काढून घ्या, एमसीबी पाडा आणि त्यावर चिठ्ठी लावा. धातूचा पत्रा असलेला कागद वीज वाहतो, ओली खळही वाहते. बँक्वेट किंवा ऑफिसात छताला सपाट गोल झाकणं दिसतात, त्यांतली काही स्प्रिंकलरची असतात. आगीच्या उष्णतेनं ते झाकण गळून पडायचं असतं. त्याच्यावर कागद चढवायचा नाही, रंगही नाही, डिझायनरनं कितीही गळ घातली तरी.

पहिला पट्टा कधीही भिंतीच्या कडेवरून सुरू करायचा नाही. लेसर लावा किंवा सूत मारा, कारण कड वाकडीच असते. कापडी पाठीच्या व्हिनाइलला खळ रोलरनं पाठीला लावायची, कडा कोरड्या राहू द्यायच्या नाहीत, मग खळीवर खळ येईल अशा हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या घालून पट्टा काही मिनिटं मुरू द्यायचा. किती मिनिटं ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्येक पट्ट्याला तेवढीच द्या, नाहीतर एक पट्टा जास्त फुगतो आणि पुढं जॉइंट जुळत नाहीत. भारी मालाला घट्ट तयार पेस्टच वापरा. नुसती पावडरची खळ पुरत नाही, आणि तिच्यात पांढरा गोंद मिसळण्याची जी सवय आहे ती सोडा. कागदाच्या दर्शनी बाजूला लागलेला गोंद वाळला की निघत नाही.

वर तीन माणसं लागतात. एक घड्या धरून मागं मागं सरकतो, एक सुताला कड लावून मधून कडेकडे हवा काढत जातो, तिसरा रुंद मऊ ब्रशनं बसलेला भाग नुसता धरून ठेवतो. हा तिसरा म्हणजे वाया गेलेला माणूस असं मालकांना वाटतं. तो नसला की पाचव्या मिनिटाला मागचं टोक सुटतं आणि त्याच्याबरोबर पुढचंही. बोलायचं कमी, आणि "थांब" म्हटलं की तिघांनीही थांबायचं. जिथं पट्टे एकमेकांवर चढवून एकदम कापायचे असतात, तिथं खाली प्लास्टिकची पातळ पट्टी ठेवा. ब्लेड पीओपीत उतरलं की तो थर कापला जातो आणि जॉइंट नेमका तिथूनच उघडतो. ब्लेडची टोकं मोडायला कंजुषी नको.

तीन पट्टे लावले की खाली उतरा. दिवे लावा, बंद करा, दाराच्या बाजूनं बघा, खिडकीच्या बाजूनं बघा. डिझायनरला किंवा मालकांना बोलवा आणि संमती लेखी घ्या, मोबाइलवर मेसेज आला तरी चालेल. दोन-तीन पट्ट्यांनंतर रंगातला फरक सांगितला नाही तर बहुतेक कंपन्या तक्रार ऐकतच नाहीत. रोल उघडण्याआधी बॅच नंबर जुळवून बघणं आणि रोल क्रमांकानं वापरणं हेही यातच आलं. ग्रासक्लॉथ असेल तर मालकांना आधीच बजावा की प्रत्येक पट्टा वेगळा दिसणार आणि जॉइंट दिसणारच. गवताच्या मालाचं ते रूप आहे, दोष नाही. त्याच्या तोंडाला खळ लागली तर डाग जन्माचा, त्यामुळे तिथं हात धुवायची बादली खळीच्या बादलीपेक्षा जवळ ठेवा.

पैशांचं म्हणाल तर छताला रोलवर दर लावू नका. दिवसाचा दर किंवा पूर्ण कामाचा ठोक, आणि छत दुरुस्तीचा आकडा वेगळा. मालाची जबाबदारी कुणाची ते आधी ठरवा. लाखाचा माल आणि तुमची हजारांत मजुरी असेल, तर कोटेशनमध्ये एक ओळ हवीच: छत तपासून योग्य वाटल्याशिवाय काम सुरू होणार नाही. त्या ओळीमुळे काही कामं हातची जातात. त्यातली थोडी काही महिन्यांनी परत येतात, तेव्हा आधीचा कागद सोलण्याचे पैसेही धरा.

काम झाल्यावर एसीचा झोत थेट छतावर येऊ देऊ नका, सावकाश वाळू द्या. आठवड्याभरानं एकदा जाऊन जॉइंट बघून या. उरलेला माल कितीही छोटा असो, तो गुंडाळून, बॅच नंबर आणि कुठल्या खोलीचं छत ते लिहून मालकांच्या ताब्यात द्या. झुंबर बदललं की छतातलं भोक हमखास सरकतं, आणि तो माल तोवर बाजारातून गेलेला असतो.