मिनरल सनस्क्रीनच्या मळासारख्या वळ्या निघत होत्या, त्यावरचा उपाय

लक्षण: झिंक ऑक्साइडचं, म्हणजे मिनरल, सनस्क्रीन बाळाच्या गालावर चोळलं की मळासारख्या पांढऱ्या वळ्या सुटायच्या आणि मधे मधे त्वचा उघडी राहायची. नाजूक त्वचेच्या मोठ्यांनाही हाच त्रास होतो.

जास्त चोळून पाहिलं, वळ्या वाढल्या. कमी लावलं, तर संरक्षणच कमी. पाणी मिसळलं, थर फाटला. (पाणी कधीच मिसळू नका.) फार वैताग आला.

चूक क्रीममध्ये नव्हती, खालच्या ओल्या मॉइश्चरायझरमध्ये आणि चोळण्यात होती. झिंकचे कण त्वचेवर थर धरून बसतात. खालचा थर सरकला की तेही गुंडाळले जातात.

आता क्रम असा. मॉइश्चरायझर अगदी पातळ, मग पूर्ण 10 मिनिटं थांबायचं. सनस्क्रीनची ट्यूब बंद ठेवूनच नीट मळून घ्यायची, कारण तेल आणि झिंक वेगळे होतात. बोटाने छोटे ठिपके द्यायचे आणि थोपटत पसरवायचे, चोळायचं नाही. 2 मिनिटांनी तसाच दुसरा थर. मोठ्यांच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटं भरून क्रीम लागतं. दर 2 तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. किंचित पांढरेपणा राहतो, तो राहू द्या.

सनस्क्रीन निवडताना एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं), बिनवासाचं. स्प्रे नको, तो श्वासात जातो. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून 24 तास पाहा. 6 महिन्यांखालच्या बाळाला मात्र सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडेच.