गणिताचं पुस्तक टॅबवर देताना
दहावीच्या पोराला टॅबवर गणित द्यायचंय तर पानांचे फोटो काढत बसू नका भावांनो, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. पण आख्खी तशीच दिली तर पोरगं झूम करून करूनच कंटाळतंय. सरावसंचातलं एकेक उदाहरण क्रॉप करा, खाली निम्मा स्क्रीन कोरा सोडा, तिथंच स्टायलसनं सोडवू दे. भूमितीत आकृती नि प्रश्न एकाच स्क्रीनवर पाहिजेतच, नाहीतर प्रमेय राहतंय बाजूला आणि नुसतं स्क्रोलच चालतंय. मजकूर कॉपी-पेस्ट करायच्या भानगडीत पडू नका, घातांक लई गंडतात, २ चा वर्ग चक्क २२ होतो, इमेजच बरी. आणि हो, उत्तरसूची वेगळ्या फाइलीत ठेवा, कोल्हापूरची पोरं लई हुशार असतात!