पुंगळ्या निवडताना या चुका टाळा

इथे टेक्सासात घरी काडतुसं भरणारी आपली मंडळी मोजकीच. पण त्यांचे फोन येतात ते एकाच तक्रारीसाठी: "काका, दारू अगदी मोजून भरली, तरी गोळ्या पसरतात." मी विचारतो, पुंगळ्या (काडतुसाची रिकामी पितळी कवचं) निवडून वेगळ्या केल्या होत्यास का? पलीकडे शांतता.

नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेलं पितळ म्हणजे सरमिसळ. बुडावरचा शिक्का न बघता ते वापरणं, ही पहिली चूक. मी स्वतः केलेली. माझ्या .३०८ मापाच्या रायफलसाठी साध्या बाजारी पुंगळीत बसवलेलं दारूचं माप मी बादलीतल्या सगळ्याच पुंगळ्यांना लावलं. चौथ्या बारानंतर रायफलचा बोल्ट (मागचा सरकता खटका) उघडेना. हाताच्या तळव्याने ठोकून उघडला, तर प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) कपाळावरच्या टिकलीसारखा सपाट झालेला. शिक्क्यात वर्तुळातलं क्रॉसचं चिन्ह, म्हणजे लष्करी ७.६२ ची, .३०८ च्या जुळ्या भावंडाची पुंगळी. तिच्या भिंती सहसा जाड, आत जागा कमी. तेवढ्याच दारूचा दाब वाढला. नशीब, एवढ्यावरच भागलं. तेव्हापासून टेबलावर दिवा, भिंग आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. एक शिक्का, एक डबा. झाकणावर किती वेळा भरली तेही लिहितो, आणि डबा बदलला की दारूचं माप पुन्हा खालून सुरू. कंटाळवाणं आहे? मग तयार काडतुसं विकत घ्या.

दुसरी खोड वजनकाट्याची. नवा डिजिटल काटा आला की लोक काजळी धरलेल्या, कमी-जास्त लांबीच्या पुंगळ्या ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलत बसतात. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, तेवढा मळही असतो! आधी धुवा, साइझ करा (साच्यात दाबून मूळ मापाला आणा), एका लांबीला कापा (.३०८ ला कमाल २.०१५ इंच, मी २.००५ ला कापतो), मग तोला. तरी वजन म्हणजे आतली जागा नव्हे. जास्तीचं पितळ बुडाच्या कडेतही असू शकतं. खात्री हवी तर वापरलेल्या पुंगळीत जुना प्रायमर तसाच ठेवून काठोकाठ पाणी भरा आणि रिकाम्या-भरल्या वजनातला फरक काढा. मी डब्यामागे पाच पुंगळ्यांचं पाणी मोजतो. वजनात फारच हलक्या-जड निघालेल्या सरावाला ठेवतो, फेकत नाही.

दुसऱ्याच्या रायफलमध्ये उडालेली पुंगळी आपल्या डब्यात नको.

भुशात घोळवून साफ केल्यावर प्रायमरच्या भोकात अडकलेला भुसा बघा.

आणि बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर कागदाच्या पिनेचं टोक वाकवून आतून फिरवा. खाच लागली की भिंत आतून पातळ झालेली, पुंगळी बाद. बाद झालेलीचं तोंड मी तिथल्या तिथे पकडीने चेपतो, नाहीतर रात्री तीच परत डब्यात जाते.