कागदाचा क्रौंच पक्षी कसा करावा

ओरिगामीत एकच वस्तू शिकायची असेल तर क्रौंच शिका. जपानीत त्याला ओरिझुरू म्हणतात. निव्वळ क्रौंचाच्या घड्यांवर जपानात १७९७ सालीच पुस्तक निघालं होतं, इतका तो तिथे जुना आणि लाडका.

१५ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी कागद घ्या. शाळेतला घोटीव कागद छान चालतो. कार्डशीट नको, शेवटच्या घड्यांत ती दबतच नाही. चौकोन जरासा तिरका कापला गेला तरी पुढे चोच बोथट येते, म्हणून इथे घाई करू नका.

रंगीत बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घड्या घाला, उलगडा. कागद पालथा करून मधोमध एक उभी आणि एक आडवी घडी घाला, उलगडा. प्रत्येक घडीवरून नख फिरवा. आता चारही कोपरे खाली एकत्र आणले की कागद छोट्या चौकोनात मिटतो.

उघडं टोक स्वतःकडे ठेवा. वरच्या पदराच्या खालच्या दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणा, वरचा त्रिकोण त्यांच्यावर दुमडा आणि तिन्ही घड्या उलगडा.

मी शिकवते तेव्हा मुलांचे हात थांबतात ते पुढच्या पायरीला. फक्त वरच्या पदराचं खालचं टोक चिमटीत धरा आणि आडव्या घडीपासून पार वर न्या. बाजूच्या कडा होडीसारख्या फुगतील. त्यांना हलकेच मधल्या रेषेकडे दाबा. आधीच्या घड्या नीट घातल्या असतील तर कागदच वाट दाखवतो. मागच्या पदरालाही असंच करा.

खाली दोन पाय दिसतील. त्यांच्या बाहेरच्या कडा पुढून-मागून मधल्या रेषेवर दुमडून पाय निमुळते करा. मग एकेक पाय किंचित उघडून दोन पदरांच्या आतून वर वळवा. एक मान, एक शेपटी. मानेचं टोक तसंच आतून खाली वळवलं की चोच. पंख खाली ओढा, पोट जरा फुगवा.

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा लहान असलेली तिथली सादाको सासाकी १९५५ साली, बाराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेली. रुग्णालयात ती बरं होण्याच्या आशेने औषधांच्या वेष्टनांचेही क्रौंच करायची. १९५८ साली हिरोशिमात उभारलेल्या तिच्या स्मारकाशी आजही जगभरातून क्रौंचांच्या माळा येतात.

हात बसला की काबुतो, म्हणजे सामुराईचं शिरस्त्राण, करून पाहा. ५ मेच्या बालदिनाला जपानात ते घरोघरी करतात. वर्तमानपत्राचा मोठा चौकोन घेतला तर ते मुलांच्या डोक्यावर नीट बसतं.