‘क्रिकेट’ या नावाचे मूळ कसे तपासावे

क्रिकेट हे नाव कोठून आले असे विचारले की बहुतेकदा एका ओळीचे उत्तर मिळते: जुन्या इंग्रजीत काठीला जो शब्द होता त्यावरून. सॅम्युअल जॉन्सन यांनीही १७५५ च्या आपल्या शब्दकोशात हेच मूळ दिले होते. उत्तर सुटसुटीत आहे. परंतु ते कशावरून, असा पुढचा प्रश्न केला की सांगणारा अडखळतो. ज्याला हा प्रश्न स्वतः तपासून पाहायचा आहे, त्याने अंदाजांपासून नव्हे, तर लेखी नोंदींपासून सुरुवात करावी आणि त्यांच्यावरून मागे मागे जावे.

पहिली भक्कम नोंद इंग्लंडमधील सरे परगण्यातील गिल्डफर्ड येथील आहे. एका जमिनीच्या वादात जॉन डेरिक नावाच्या एकोणसाठ वर्षांच्या गृहस्थाने साक्ष दिली की, तेथील शाळेत शिकत असताना तो आणि त्याचे सोबती त्या जागेवर धावत, बागडत आणि ‘क्रेकेट’ व इतर खेळ खेळत असत. येथे तारखेकडे नीट पाहावे. कागदावर जानेवारी १५९७ असे आहे. परंतु इंग्लंडमध्ये त्या काळी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्यामुळे आपल्या गणनेने ते १५९८ ठरते. आता वजाबाकी करावी: १५९८ मधून ५९ गेले की जन्म साधारण १५३९ चा, आणि शाळकरी वय दहा-बारा धरले तर खेळ १५५० च्या सुमाराचा. शब्द कागदावर उतरला तो एक काळ आणि तो बोलण्यात होता तो दुसरा, हा फरक वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहून ठेवावा.

त्यानंतर प्रत्येक नोंदीतील अर्थ तपासावा, कारण अक्षरे जुळली म्हणजे खेळही तोच असतो असे नाही. १५९८ मध्येच जॉन फ्लोरिओ यांच्या इटालियन-इंग्रजी शब्दकोशात एका क्रियापदाच्या अर्थात हा शब्द येतो, पण तेथे रातकिड्यासारखा आवाज करणे आणि मौजमजा करणे असा रोख आहे. मैदानावरचा खेळ त्यातून निश्चित होत नाही. (इंग्रजीत रातकिड्यालाही क्रिकेटच म्हणतात. त्याचे नाव त्याच्या करकर आवाजावरून पडलेले आहे आणि आपल्या शोधाशी त्याचा संबंध नाही.) याउलट, १६११ मध्ये रँडल कॉटग्रेव्ह यांनी आपल्या फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात ‘क्रॉस’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ देताना मुले ज्या वाकड्या काठीने क्रिकेट खेळतात ती काठी, असे लिहिले. ही नोंद मोलाची आहे; खेळाचे साधन तेव्हा आजच्या बॅटसारखे सपाट नव्हते, हॉकीच्या काठीसारखे वाकडे होते, हे तिच्यातून कळते.

आता काठीचा दावा उच्चाराच्या कसोटीला लावावा. जुन्या इंग्रजीतील काठी किंवा कुबडी या अर्थाच्या शब्दातील शेवटच्या ‘क’चा पुढे ‘च’ झाला आणि तो शब्द आज ‘क्रच’, म्हणजे कुबडी, या रूपात जिवंत आहे. इंग्लंडच्या दक्षिणेत असे घडणे नेहमीचेच होते. देवळाला तेथे ‘चर्च’ म्हणतात आणि स्कॉटलंडमध्ये ‘कर्क’. क्रिकेटच्या सर्वांत जुन्या नोंदी मात्र केंट, ससेक्स आणि सरे या आग्नेयेकडील परगण्यांतल्या आहेत. तेव्हा ‘क’ तसाच कसा टिकला, याचे उत्तर काठीवाल्यांना द्यावे लागते. शिवाय शेवटचा ‘एट’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय फ्रेंच वळणाचा दिसतो. माझ्या मते जॉन्सन यांचे मूळ येथेच लंगडे पडते.

म्हणून इंग्लिश खाडीच्या पलीकडे पाहावे. उत्तर फ्रान्समधील लिएत्र या गावाच्या संदर्भातील १४७८ च्या एका कागदात लोक चेंडूने खेळत होते त्या जागी ‘क्रिके’ नावाचा खुंट होता, असा उल्लेख आहे. हा कागद वाचताना घाई करू नये: येथे खुंटाला क्रिके म्हटले आहे, खेळाला नव्हे. फ्रेंचांनी क्रिकेट शोधले, असे यावरून म्हणणाऱ्यांनी कागद अर्धाच वाचलेला असतो. तरीही लक्ष्याच्या नावावरून खेळाचे नाव पडणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे रचलेल्या चकत्यांच्या ढिगाला लगोरी म्हणतात आणि खेळालाही लगोरीच. विटीदांडूत मात्र साधनांचीच नावे खेळाला चिकटली, आणि क्रिकेटसाठी मराठीने घडवलेला ‘चेंडूफळी’ हा शब्दही त्याच जातीचा. म्हणजे काठी आणि खुंट हे दोन्ही मार्ग शक्य आहेत, एवढेच या तुलनेतून घ्यावे. पुरावा म्हणून ती वापरू नये.

फ्लेमिश भाषेची, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातील डच बोलीची, तपासणी सर्वांत शेवटी करावी, कारण तेथे गुंता सुटूही शकतो. मध्ययुगीन डचमध्ये ‘क्रिक’ म्हणजे काठी. चौदाव्या शतकापासून फ्लेमिश विणकर केंटमध्ये येऊन वसले होते, त्यामुळे शब्दाला येण्यासाठी वाट होती. फ्रेंच खुंटाचे नावही याच डच काठीवरून आले असावे, असे मानणारे अभ्यासक आहेत. तसे असेल तर खुंट आणि काठी हे प्रतिस्पर्धी उरत नाहीत, एकाच घरातले ठरतात. चर्चमध्ये गुडघे टेकण्याचे जे बुटके फ्लेमिश आसन होते, त्याच्या आकारावरून यष्टीला आणि मग खेळाला नाव पडले, असाही एक तर्क आहे. तो ऐकायला गोड असला, तरी केवळ दिसण्यातील साम्यावर उभा असल्याने त्याला मी खालची जागा देतो.

वहीत नोंद करताना प्रत्येक दाव्यापुढे वर्ष, गाव, मूळ वर्तनी आणि तेथे शब्दाचा नेमका अर्थ काय होता, हे चारही तपशील लिहावेत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या खर्चाच्या हिशेबात इ. स. १३०० मध्ये राजपुत्राच्या ‘क्रेआग’ नावाच्या खेळासाठी पैसे दिल्याचा उल्लेख सापडतो आणि तो पाहून हात शिवशिवतात. परंतु तेथे चेंडूही नाही, काठीही नाही, आणि डेरिकच्या शाळेपर्यंत मध्ये अडीचशे वर्षे रिकामी आहेत. ती ओळ पेन्सिलीने लिहावी.